घोडा उभा राहील का?

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

डिचोली तालुक्यातले हे वाचक 34 वर्षांचे आहेत. घरी पूर्वीपासून एक म्हातारी घोडी आहे. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून त्यांनी एक मारवाडी घोडा आणला. ‘खच्ची केलेला आहे, गाईसारखा गरीब’ असं सांगून तो विकला गेला. वराती, मिरवणुका आणि शनिवार-रविवारी मुलांची रपेट यांवर तबेल्याचा खर्च निघतो. पण घोडी अलंगावर (माजावर) आली की हा अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्यासारखा वागतो. खिंकाळतो, दाराला लाथा मारतो, तिच्यावर चढतो. यंदाच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत शिवरायांच्या वेशातला नऊ वर्षांचा मुलगा पाठीवर असताना समोरून दुसऱ्या पथकाची घोडी आली आणि हा मागच्या पायांवर उभा राहिला. मोतद्दाराने मुलाला वरच्यावर झेललं म्हणून निभावलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खाली व्रण एकाच बाजूला आहे, दुसरं अंड बहुधा पोटातच राहिलंय. पुण्याला किंवा बंगळूरला नेऊन दुर्बिणीने काढून घ्या, हल्ली उभ्याउभ्याच करतात.

आता घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात, ‘माझं पित्ताशय बांबोळीला दुर्बिणीनेच काढलं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. घोड्याला काय होतंय? मे महिन्यातल्या वराती सोडू नको.’ पत्नी म्हणते, जागेपणी पोटाला भोकं पाडणं क्रूर आहे, करायचंच तर पूर्ण भूल देऊन, आडवा करून करा. काका म्हणतात, आपल्याला फसवून दिला, तसाच पुढच्याला द्या. ‘तिघांत मी अडकलोय. कुणाचं ऐकू?’

उत्तर:

निर्णय काहीही होवो, एक गोष्ट आजच ठरवून टाका. सध्या या घोड्याच्या पाठीवर मूल बसणार नाही आणि तो कुठल्याही मिरवणुकीत जाणार नाही. मोतद्दार दर वेळी बरोबर जागी उभा असेलच असं नाही. मे महिन्यातल्या वरातींचा बयाणा घेतला असेल तर परत करा, किंवा दुसऱ्याचा घोडा मिळवून द्या. वडिलांना हे आवडणार नाही. पण बँडबाजा, फटाके आणि समोरून येणारी घोडी यांच्यामध्ये नवरदेवाला बसवणं हा धंदा नव्हे.

आता मूळ प्रश्न. तुमच्या घरात वाद चाललाय तो अंड कसं काढायचं यावर. ते आत आहे का, हे मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे ‘बहुधा’ म्हटलं. घरी सगळे ते खात्रीचं धरून पुढे गेले आहेत.

नर शिंगराची अंडं पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या अरुंद वाटेने खाली उतरतात. जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ही वाट आकसते. मागे राहिलेलं अंड कधी जांघेत अडकतं, कधी पोटातच राहतं. डावं राहिलं असेल तर ते पोटात असण्याची शक्यता जास्त, उजवं असेल तर जांघेत सापडण्याची. पोटाच्या उबेत त्यात बीज तयार होत नाही, त्यामुळे तुमची घोडी गाभण राहील ही भीती जवळपास सोडून द्या. पण नरपणाचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, ते व्यवस्थित तयार करत राहतं. अंगाने खच्ची आणि वागण्याने अंडील असा घोडा त्यातूनच होतो. ज्या कुणी याला खच्ची केलं त्याने हाताला लागलं तेवढं काढलं आणि दुसरं सोडून दिलं. हे करू नये, आणि केलंच तर पुढच्या मालकाला सांगावं. दोन्हींपैकी काहीच झालेलं दिसत नाही.

दुसरी शक्यताही आहे. दोन्ही अंडं काढलेली असतील आणि एक व्रण इतका बुजला असेल की बोटाला लागत नाही. पूर्ण खच्ची केलेले काही घोडेही घोडी दिसली की खिंकाळतात, चढायला जातात. उशिरा खच्ची केलेल्यांत तर ती सवयच होऊन बसते. तसं असेल तर पुण्यापर्यंत नेऊन, पोटात दुर्बीण घालून आत काहीच सापडणार नाही, आणि घोडा आहे तसाच घरी येईल.

हा उलगडा रक्ताच्या तपासणीने होतो. अँटी-म्युलेरियन हार्मोन नावाचं एक संप्रेरक नरात फक्त अंडाच्या पेशींतून येतं. पूर्ण खच्ची घोड्याच्या रक्तात ते जवळपास नसतं. दुसरा मार्ग म्हणजे एचसीजी नावाच्या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्याच्या आधी आणि नंतर टेस्टोस्टेरॉन मोजणं. आत अंड असेल तर आकडा चढतो. घोड्याचा नमुना कोणती प्रयोगशाळा घेते आणि घोड्यासाठीचे आकडे तिच्याकडे आहेत का, हे डॉक्टरांना आधी विचारायला लावा. माणसांच्या लॅबमध्ये नुसती बाटली देऊन येऊ नका. रक्तात अंडाची खूण सापडली तर मग सोनोग्राफी, जांघेवरून, भकाळीवरून (बरगड्यांमागच्या कुशीवरून) आणि गरज पडली तर गुदमार्गातून. गुदमार्गाची तपासणी अंगाला हात लावू न देणाऱ्या घोड्यात गुंगी दिल्याशिवाय करू देऊ नका. तिथे आतडं फाटलं तर घोडा वाचवणं फार अवघड असतं. सोनोग्राफी महत्त्वाची यासाठी की अंड जांघेत असेल तर बहुतेक वेळा दुर्बिणीची गरजच लागत नाही.

समजा, ते पोटात आहे. आता वडिलांच्या पित्ताशयाकडे येऊ.

त्यांच्या अनुभवात खोट काही नाही, पण तो घोड्याला लागू पडत नाही. माणसात दुर्बिणीचं कौतुक आहे ते लहान जखमेसाठी. घोड्यातही जखम लहान असते, तरी मोठा फायदा दुसराच आहे. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पूर्ण भूल देऊन पाठीवर झोपवलं की त्याचंच वजन त्याच्या स्नायूंवर आणि फुप्फुसांवर बसतं. पुढचा धोका जाग येताना असतो. वडील शुद्धीवर आले तेव्हा नर्सने ‘पडून राहा’ म्हटलं आणि ते पडून राहिले. घोडा पळून जगणारा प्राणी आहे. अर्धवट शुद्ध येताच तो उठायला धडपडतो, कोलमडतो, परत उठतो. त्यात पाय मोडलेले, स्नायू निकामी झालेले घोडे आहेत. 2002 साली 41,824 घोड्यांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटशुळाच्या केसेस वगळल्या तरी पूर्ण भुलेनंतर सात दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे शंभरात जवळजवळ एक होतं. त्यानंतर भूलशास्त्र सुधारलं, आकडा खाली आला. पण माणसाच्या साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत कुणी एवढा धोका मान्य करेल का, वडिलांनाच विचारा.

म्हणून उभ्याने. तुमच्या पत्नीला जे क्रूर वाटतं, तेच या घोड्यासाठी बहुतेक करून जास्त सुरक्षित आहे. ‘जागेपणी’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र आलं असेल, प्रत्यक्ष तसं नसतं. घोड्याला दवाखान्यातल्या खोड्यात, म्हणजे जनावर हलू नये म्हणून केलेल्या चौकटीत, उभं करतात. शिरेतून गुंगीचं औषध थेंबथेंब चालू ठेवतात, बहुधा डेटोमिडीन आणि सोबत वेदनाशामक. पाच-दहा मिनिटांत मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, पापण्या अर्ध्या मिटतात. डोकं गादीच्या आधारावर टेकवतात. भकाळीवरचे केस भादरून, धुऊन, कातडी आणि स्नायू बधिर करतात. मग एका छिद्रातून कार्बन डायऑक्साइड सोडून पोट थोडं फुगवतात, म्हणजे आतडी खाली बसतात आणि वर जागा होते. सुमारे बोटाएवढ्या जाडीची लांब दुर्बीण आत जाते, आणखी दोन छिद्रांतून चिमटा आणि कापायचं हत्यार. पडद्यावर प्लीहेची निळसर करडी कड दिसते, मूत्रपिंड दिसतं, आणि मागे जांघेच्या वाटेच्या तोंडाशी ते हरवलेलं अंड, वर्षानुवर्षं आत राहून लहान आणि लिबलिबीत झालेलं. ते पकडायचं, त्याच्या देठात बधिरतेचं औषध टोचायचं, रक्तवाहिन्या विजेच्या हत्याराने बंद करायच्या आणि कापायचं. बाहेर काढताना एक छिद्र रुंद करावं लागतं. तेव्हा टिकलीएवढ्या जखमेची अपेक्षा ठेवू नका.

तरी पत्नीची काळजी सोडून देण्यासारखी नाही. त्यांनी बोट ठेवलंय ती जागा खरी आहे. देठ नीट बधिर झाला नाही तर तो ओढला जाताच घोड्याला कळतं, आणि तो दचकतो. ‘देठात वेगळं औषध देता ना?’ हा प्रश्न तुम्ही सर्जनना विचारा, पत्नीचं नाव सांगून विचारलात तरी चालेल.

वडिलांचा अनुभव उपासालाही लागू पडत नाही. शस्त्रक्रियेआधी साधारण एक दिवस वैरण बंद करतात, पाणी देतात. वडिलांना बारा वाजल्यानंतर काही खाऊ दिलं नव्हतं ते भुलेत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. घोड्याला उलटीच करता येत नाही. त्याचा उपास आतडी रिकामी करण्यासाठी असतो. भरलेली आतडी दुर्बिणीपुढे येतात आणि पहिलं छिद्र पाडताना त्यांना इजा होऊ शकते. मोतद्दाराने दया येऊन रात्री हळूच गवताची पेंढी टाकली तर सकाळी सगळा बेत रद्द होतो. त्याला कारण समजावून सांगा, नुसता हुकूम देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. तुमचा घोडा उभा राहील का? उभ्याने शस्त्रक्रियेचा सगळा डोलारा त्याच्या स्वभावावर आहे. गुंगीतही एखादा घोडा खोड्यात बसकण मारतो, अंग टाकतो, लाथ झाडतो. तेव्हा पोटात हत्यारं असतात. तुमच्या पत्रातला घोडा दाराला लाथा मारणारा आहे. तो खोड्यात कधी उभा राहिलाय का? जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खोडा असेल तर परवानगी घेऊन आठवड्यातून काही वेळा नुसता नेऊन उभा करा. दाणा द्या, भकाळीवर हात फिरवा, खरारा करा, मशीनचा आवाज ऐकू द्या, घरी आणा. महिनाभर हे केलंत तर सर्जनच्या हाती वेगळाच घोडा जाईल. घरी जमतंय तेवढं याचं चित्रीकरण करून त्यांना आधी पाठवा. त्यांनी ते पाहून ‘हा उभ्याने होणार नाही’ म्हटलं तर ऐका. मग पूर्ण भुलेचा विचार करावा लागेल, त्यात डोकं खाली आणि मागचा भाग वर असा तिरका ठेवून दुर्बीण वापरतात, आणि श्वासावर ताण आणखी येतो. की शस्त्रक्रियाच नको, हाही विचार तेव्हा करावा लागेल.

तो पर्याय तुमच्या घरात कुणी मांडलाच नाही. पोटातलं अंड ही तातडीची गोष्ट नव्हे. पुढे कधी त्यात गाठ होऊ शकते, देठाला पीळ पडू शकतो, पण बहुतेक घोडे त्याच्यासह वर्षानुवर्षं जगतात. तो अंडील आहे असं मान्य करून, घोडीपासून भक्कम कुंपणाने वेगळा ठेवून, फक्त मोठ्या आणि जाणत्या स्वारासाठी वापरला तर निभावेल. वराती आणि मुलांची रपेट यातून तो कायमचा बाद होईल. तबेल्याचं गणित त्याच दोन गोष्टींवर चालत असेल तर हा पर्याय तुम्हाला परवडणार नाही, पण तो कागदावर मांडून मगच त्यावर काट मारा.

सर्जन निवडताना ‘तुमच्याकडे दुर्बीण आहे का’ एवढंच विचारू नका. आपल्याकडे शिगम्याला घोडेमोडणीच्या नाचातले लाकडी घोडे भरपूर आणि हाडामासाचे मोजके, त्यामुळे गोव्यात घोड्याच्या पोटात हात घातलेला सर्जन सहज सापडणार नाही. पुणे, मुंबई, बंगळूर इथे रेसकोर्समुळे घोड्यांचे डॉक्टर आहेत. कुत्र्यांत दुर्बीण चालवणारा हात कितीही सफाईचा असला तरी घोड्याचं पोट वेगळं, हत्यारांची लांबी वेगळी. उभ्या घोड्यात हे तुम्ही स्वतः केलंय का, गुंगी सांभाळायला दुसरा डॉक्टर असतो का, रक्तस्राव झाला किंवा अंड दिसलंच नाही तर तिथेच मोठा छेद घेण्याची तयारी आहे का, रात्री घोड्याजवळ कोण असतं, असं सगळं विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात ‘बेत बिघडला तर’ अशी एक ओळ असू द्या.

डिचोलीहून चोर्ला घाटाने बेळगाव आणि तिथून पुणे म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटर. ट्रकात घोड्याचं डोकं आखूड दोरीने वर बांधायची पद्धत आहे, ती मोडा. डोकं खाली नेता आलं नाही तर नाकातली घाण बाहेर पडत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर न्यूमोनिया होतो. दोरी इतकी सैल की तोंड छातीच्या खाली जाईल. दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी पाजा. पोचल्यावर निदान एक-दोन दिवस विसावा, रोज ताप मोजा. 38.5 अंशांच्या वर गेला तर सर्जनना सांगा आणि बेत पुढे ढकला. निघण्याआधी धनुर्वाताची लस पूर्ण झालेली हवी, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. राज्याबाहेर नेताना आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी मागतात. तिचा निकाल यायला वेळ जातो, म्हणून सरकारी डॉक्टरांकडे आधी जा, ट्रक नंतर ठरवा.

वेळेबद्दल. मृग लागायच्या आत घोडा टाके काढून घरी येणार नसेल तर घाई करू नका. आपल्या पावसात, ओल्या तबेल्यात, माशांच्या घोळक्यात जखम सांभाळणं म्हणजे मागून दुखणं घेणं. खोड्याची सवय आणि उरलेल्या तपासण्या पावसाळ्यात होतील, शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर. मग तुळशीच्या लग्नानंतरच्या वराती हुकतील, आणि वडील पुन्हा नाराज होतील. एक हंगाम गेला असं धरूनच चाला.

शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस टाके असतात. तोवर तबेल्यातच, फक्त हाताने धरून फिरवणं. पहिले दोन-तीन दिवस जखमेपेक्षा लिदेवर लक्ष ठेवा. गुंगीच्या औषधांनी आतडी मंदावतात, म्हणून वैरण थोडी थोडी, दाणा उशिरा. लीद कमी झाली, घोडा कुशीकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला, लोळू लागला तर ताबडतोब डॉक्टर. जखमेभोवती कातडीखाली दाबल्यावर चरचर लागली तर बहुधा तो राहिलेला वायू असतो, काही दिवसांत जिरतो. पू, ताप किंवा वाढती गरम सूज मात्र थांबवून ठेवण्याची गोष्ट नाही.

आणि दुसऱ्या दिवशी घोडा गाय झालेला नसेल. टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच उतरतं, वागणं आठवड्यांनी उतरतं, आणि वर्षानुवर्षांची सवय थोडी उरूही शकते. किमान दोन-तीन महिने त्याला घोडीच्या जवळून जाणत्या माणसाच्या हाती नेऊन पाहा, मग मोठा स्वार, मग गर्दी. मूल सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमच्या मनात शंका उरली नसेल तरच.

काकांना एवढंच सांगा की विकायला हरकत नाही, पण न सांगता विकायला आहे. तुम्हाला विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं हे आता कळणार नाही. तो घोडा तुमच्याआधी कितीतरी हातांतून गेला असेल. तुम्हाला मात्र आता माहीत आहे. गिऱ्हाइकाला मिरवणुकीतला प्रसंग सांगून जी किंमत येईल ती त्याची किंमत. शस्त्रक्रिया झालीच तर काढलेलं अंड तपासणीला पाठवायला सांगा आणि ‘दोन्ही काढली’ असा सही-शिक्क्याचा कागद घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला फक्त व्रण चाचपून अंदाज बांधावा लागणार नाही.

या आठवड्यात करायचं काम एकच आहे, रक्ताचा नमुना. आणि सोनोग्राफीत ते जांघेत दिसलं तर या उत्तरातलं अर्धंअधिक तुमच्या कामाचं उरणार नाही. तसं झालं तर पुन्हा लिहा.